विहिरीतली तालीम

मला अंदमानला जायचं नव्हतं. हे तेव्हा कोणालाच सांगितलं नाही, कारण आमच्या गल्लीत माझा सत्कार व्हायचाच काय तो बाकी होता. सांगलीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्या सरांना प्रवाळांचा अभ्यास करायला तिकडच्या एका बेटावर पथक न्यायचं होतं आणि पाठीला हवेचा सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी उतरेल असा तरुण माणूस हवा होता. "पोहता येतं ना तुला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. येतही होतं. पण पोहणं म्हणजे पाण्याच्या वर राहणं, अशी माझी समजूत होती.

आईनं एकच अट घातली. तिचा भाऊ हो म्हणाला तर जा. मामा फौजेतून सुभेदार होऊन परतला होता आणि सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी, ऊस लावून राहिला होता. गावातल्या निम्म्या पोरांना त्यानंच विहिरीत ढकलून पोहायला शिकवलेलं. सख्ख्या भाच्याला तरी तो अडवेल, अशी मी मनातून आशा धरून होतो. झालं उलटंच. "ये की," मामा म्हणाला, "बगू तरी तुजी छाती."

दुष्काळात मामानं विहीर आणखी खोल केली होती. पाणी हिरवंकाळं, तळ दिसायचा नाही. मामाची परीक्षा ठरलेली असे. बुडी मारायची, तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं आणि पाण्यावर एकही बुडबुडा येऊ द्यायचा नाही.

"बुडबुडं आलं की मानूस गेला म्हनून समज," तो पायऱ्यांवरून ओरडायचा. "काय बी झालं तरी दम सोडायचा न्हाई, गड्या!"

सुट्टीभर रोज सकाळी मी हेच केलं. कान ठणकायचे, छाती फुटायला यायची. खाली पायाला काही लागलं की तो दगड आहे की आणखी काही, या विचारानंच मी पाय आखडून घ्यायचो. मामा मात्र माझ्या मुठीतला गाळ बघून खूश. "आता समुद्राची काय टाप हाय रं!"

मग एका दुपारी सर जीपमधून सिलिंडर घेऊन आले. सोबत त्यांचे एक स्नेही होते, नौदलात पाणबुडे म्हणून नोकरी केलेले. या स्नेह्यांनी मला सगळं बांधलं आणि बजावलं, "खाली नळीतून हवा घेतलीत की वर येताना श्वास सोडत यायचं. कोंडून धरलात तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं."

"दम सोडून कोन वर येतंय व्हय?" मामा हसला. मी नुसती मान डोलावली. भीतीनं माझं निम्मं लक्ष पाण्याकडेच होतं.

ते पाणबुडे आणि मी, आम्ही दोघं उतरलो. तळाशी काळोख होता. माझाच श्वास नळीतून घरघरत होता. तेवढ्यात डोळ्यांवरच्या काचेच्या कडेनं पाणी आत झिरपलं आणि नाकात गेलं. मी घाबरलो. नुसता घाबरलो नाही, माझी पार गाळण उडाली. पायानं तळ ढकलला आणि जिवाच्या आकांतानं वर निघालो. तेव्हा मला जे पाठ होतं तेच मी केलं. दात आवळले आणि दम धरला.

पाणबुड्यांनी माझा घोटा पकडला, मला खाली ओढलं आणि पोटात सणसणीत ठोसा हाणला. तोंडातून हवेचा लोट निघाला. वर पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे आले. ते बघून मामानं पटक्यासकट उडी टाकली आणि वर येणाऱ्या पाणबुड्यांची मानगूटच धरली.

"सोडा हो!" ते खोकत म्हणाले. "पोरगा दम धरून वर येत होता. तसाच आला असता, तर हाती मढं लागलं असतं."

मामाचा हात आपोआप सुटला.

पंपाच्या खोलीमागं त्यानं मला एकट्याला नेलं. बिडी पेटवायला गेला, पण भिजलेली काडी पेटेना. "मीच शिकवलं रं तुला त्ये," तो म्हणाला. "न्हाई जायाचं तर न्हाई म्हन. तुज्या आईला मी सांगतो, मीच आडवलं म्हनून. तुज्यावर काय यायचं न्हाई."

मला हवं होतं ते हेच. इतके दिवस मी याचीच वाट बघत होतो. साऱ्या गावात भित्रा म्हणवून घ्यायला तो सुभेदार तयार झाला होता, तोही माझ्यासाठी. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मी खाली घाबरलो त्याहून तो जास्त घाबरलेला होता. इथंच थांबलो असतो, तर आपण भाच्याला मारणार होतो एवढंच त्याच्या डोक्यात जन्मभर राहिलं असतं.

"मामा, सकाळी परत उतरतो," मी म्हणालो.

त्यानं माझा ओला दंड घट्ट धरला, आणि सकाळी येतो म्हणून सर जीप घेऊन निघून गेले, तरी तो सोडायचं त्याला सुचलं नाही.