निळा दिवा विझला पाहिजे

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी कारेगावात एका छोट्या वर्कशॉपात नोकरीला होते. तिथं कारखान्यांची कंट्रोल पॅनेलं बनायची. एकदा मालकांनी कुठूनशी भलतीच ऑर्डर आणली: पायलट शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी सरावाचं खोटं कॉकपिट. खिडकीच्या जागी कॉम्प्युटरचा पडदा, समोर दिवे आणि बटणं मात्र खरी. प्रोग्रॅम लिहिणारी तिथं मी एकटीच, म्हणून दिवे माझ्या गळ्यात पडले. विमानात मी जन्मात बसले नव्हते. रोज बसायचे ती दौंड-शिरूर एसटीत, तेही जागा मिळाली तर.

विमान उतरतं त्या वाटेवर जमिनीवर खुणेचे रेडिओ, म्हणजे मार्कर, बसवलेले असतात. विमान बरोबर त्यांच्या डोक्यावरून गेलं की कॉकपिटात दिवा लागतो. लांबच्या मार्करला निळा, जवळच्याला पिवळा. पडद्यावरचं विमान चालवणारं सॉफ्टवेअर मला एक आकडा द्यायचं: लांबचा मार्कर खाली असला तर एक, जवळचा असला तर दोन, काहीच नसलं तर शून्य. तो वाचायचा आणि दिवा लावायचा, एवढंच काम.

एवढ्यातच मी माती खाल्ली. माझे वडील, आप्पा, दौंड जंक्शनला सिग्नल केबिनमध्ये कामाला. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा तिथलं पॅनेल बघत बसायचे. गाडी रुळाच्या पुढच्या तुकड्यात जाईपर्यंत मागचा तांबडा दिवा पेटलेलाच. माझ्या डोक्यात तेच बसलेलं, म्हणून शून्य आलं तरी मी निळा चालू ठेवला, पिवळा लागेपर्यंत.

तपासायला संस्थेचे एक रिटायर झालेले पायलट आले. निळा विझेना तसे ते हसले. "मार्कर मागं पडला, तरी दिवा चालूच? रेल्वे चालवता की काय?"

कानशिलं तापली माझी. पण चूक माझीच होती. ते गेल्याबरोबर दुरुस्त केली: शून्य आलं की सगळे दिवे बंद.

मग मालक स्वतः चालवायला बसले. विमान गेलं भलतीकडं, दिवा लागलाच नाही.

"बिघडवलंस की! आता असं कर, धावपट्टीपासनं अंतर मोज. अमुक अंतर आलं की लाव दिवा."

"मालक, तुम्ही मार्करवरून गेलाच न्हाई. दिवा कसा लागंल?"

"आपल्याला दाखवायचंय फक्त. पुढच्या शनिवारी ते पायलट परत येणार, त्यांच्यासमोर दिवा लागला न्हाई, तर सोमवारपासून तू वायरींना लेबलं चिकटवायची. प्रोग्रॅम पुण्याचा माणूस लिहील."

घरी येऊन मी आदळआपट केली. आप्पा ऐकून घेत होते. म्हणाले, "खोटा दिवा लावायचा न्हाई. नोकरी जाऊ दे. उद्या त्या दिव्यावर शिकून कुणीतरी खरं इमान उतरवणार हाय."

मी अंतर मोजलं नाही. आठवडाभर मालक रोज विचारायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं.

शनिवारी पायलट बसले. विमान खाली आलं, लांबच्या मार्करचं अंतर आलं, गेलं. निळा दिवा काळाठिक्कर.

"हिला सांगितलं होतं, साहेब," मालक लगेच म्हणाले, "पण ऐकंल तर शप्पथ!"

"मी मुद्दाम बाजूनं नेलं," पायलट म्हणाले. "दिवा पेटला असता तर हे कॉकपिट इथंच सोडून गेलो असतो."

दुसऱ्यांदा त्यांनी विमान सरळ आणलं. निळा लागला, विझला. थोड्या वेळानं पिवळा लागला, विझला.

"विमानात बसलायत कधी?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई. सिग्नल केबिनमध्ये बसलेय, दौंडला."

ते या वेळी हसले नाहीत. तिथल्या तिथं काम पास केल्याच्या कागदावर सही केली.

सोमवारी गेले तर माझ्या टेबलावर लेबलांचा गठ्ठा. शनिवारी पायलट यायच्या आधीच मालकांनी काढून ठेवलेला. मी तो उचलला, त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"हे तुमचं राहिलं होतं," म्हटलं, आणि माझ्या कॉम्प्युटरवर येऊन बसले.