मिठाची रांगोळी

रोह्यातल्या त्या आळीची आठवण निघाली की आजही मी विषय बदलतो. आणि मी काही भुताखेतांना मानणारा माणूस नव्हे.

मी तिथे फौजदार होतो. आळीला नाव एका इनामदार घराण्याचं. इनामं गेली, पागेत सायकलचं दुकान आलं, माणसं मुंबईला गेली. थोरल्या घराला कुलूप लागलं आणि ओटीवर राखणदार म्हातारा उरला. तरी दरवर्षी ग्रामदैवताची पालखी आळीत येई, त्या सकाळी बंद दारापुढे ताजी रांगोळी असे आणि खिडकीत दिवा. दुपारपर्यंत रांगोळी नाहीशी. झाडताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं. वारलेल्या बाईसाहेब येतात, असं आळी म्हणे. घराला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा मुंबईच्या धाकट्या मालकांनी तक्रारी अर्ज दिला : हे सोंग राखणदाराचं, त्याला हाकला. ती ओटी सोडून म्हातारा जाणार कुठे?

पालखीआधी आठ दिवस मी पंचनामा केला, कुलपाला लाखेचं सील लावलं आणि किल्ली माझ्या खणात ठेवली. आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्याला ठाण्यात बसवलं.

"रांगोळी कोण काढतं?"

"काय सांगू सायब? बाईसाहेबांचं घर हाय."

खोटं बोलणारा तपशील फार देतो. याने एकही दिला नाही.

सकाळी आमच्या शिपायांनी रिवाजाप्रमाणे पालखीला मानवंदना दिली. मी पालखीबरोबर आळीत गेलो, तर दारात रांगोळी आणि खिडकीत दिवा! पालखी पुढे गेली, मी मागे थांबलो. थोड्या वेळाने रांगोळीला आपोआप पाणी सुटू लागलं. बोट लावून चाखलं, तर मीठ. मिठाची रांगोळी मिठागरातलं माणूसच काढणार, आणि ते परतणार गाडीने. तडक स्टेशन गाठलं. धरमतर खाडीकडची एक म्हातारी कासू स्टेशनच्या गाडीसाठी बसली होती. लुगड्याच्या ओच्यात मिठाचे खडे.

"मीठ घालाया येयाची मी त्या घरात," ती म्हणाली. "त्याच ओटीवर माझी पोर झाली, बाईसाहेबांनी सोता पाणी तापवलं. मरताना बोलल्या, पालखीला माझा उंबरठा मोकळा ठेवू नको गो. माझ्याकडं मीठच हाय, दुसरं काय आणू?"

"आणि दिवा?"

"तो माझा नाय. किल्ली तुमच्याकडं, मी आत जाऊ कशी?"

म्हाताऱ्याला सोडलं, त्याची ओटी राहिली. अहवालात रांगोळीचं सगळं लिहिलं, दिव्याचं काहीच नाही. सिद्ध झालं तेवढंच लिहावं, हे मी त्या दिवशी शिकलो. कारण स्टेशनवरून परतल्यावर कुलूप मीच उघडलं होतं. सील शाबूत होतं, आतल्या धुळीवर पाऊल उमटलेलं नव्हतं, आणि खिडकीतल्या समईतलं तेल अजून कोमट होतं.