उपाशांचा शिधा

वाळूजच्या कारखान्यात नवा आलेला माणूस श्रीनिवासरावांना हमखास विचारायचा, उपासेसाहेब, आज जेवणार का? जन्मभर हा एकच विनोद ऐकून दुसरा कुणी असता तर पिसाळला असता. श्रीनिवासरावांना मात्र तो हवाच असायचा. कारण मग कँटीनच्या आमटीत पोळी बुडवता बुडवता मूळ पुरुषाची गोष्ट सांगता यायची. मोठा दुष्काळ पडला, गावचा जोशी असलेला आपला पूर्वज देवळात उपास करून बसला, पाऊस आणला आणि प्राण सोडला. तेव्हापासून घराण्याला उपासे म्हणायला लागले. गोष्ट संपेपर्यंत त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं असायचं.

निवृत्तीनंतर घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं ठरलं. पुस्तकाचं काम मुलाकडं, मिहिरकडं होतं. आडनावाचा पहिला धडा अर्थातच श्रीनिवासरावांकडं. तो लिहूनही झाला होता. फक्त देवळाचा फोटो हवा होता, म्हणून ते संभाजीनगरहून रेल्वेनं लासूर स्टेशनला उतरले आणि रिक्षानं मूळ गावी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. अभिमान बाळगायला गावी जावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

गावात बन्सी पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. आडनाव आणि पुस्तकाचं काम ऐकताच बन्सीनं त्यांना हाताला धरून मांडवात नेलं. अक्षता पडल्या होत्या, पण पंगत बसली नव्हती. बन्सीची म्हातारी आई, दगडाबाई, सुपात गहू, डाळ, गूळ आणि तुपाची वाटी मांडत होती. हा उपाशांचा शिधा, बन्सी म्हणाला; गावात कुणाचंही लग्न असो, तो काढल्याशिवाय पान वाढत नाहीत. न्यायला कुणी येत नाही म्हणून शेवटी गाईला घालतात. आज पहिल्यांदाच त्याचा धनी आला होता.

श्रीनिवासराव सुखावले. आमच्या तपस्व्याचा मान गावानं अजून ठेवलाय, असं म्हणाले. दगडाबाईचे हात थांबले.

"मान कसला, भाऊ? दंड हाय त्यो," ती म्हणाली. "दुष्काळात समद्या गावानं व्हतं नव्हतं ते दाणं एका हंड्यात शिजवलं. जोशीबाबाला आमच्या हातचं चालंना. कोरडा शिधा मागायचा. कोरडं कुठून आनावं? लोक वाडगं घिऊन रोज पाया पडायचं. नायच घेतलं. बामन गावात उपाशी मेला."

मग पदर सावरत तिनं हळूच विचारलं, "पुस्तक काढताय म्हनं. त्यात गावाला बोल लावनार नाय ना?"

श्रीनिवासरावांना लाज वाटली. ज्या उपासावर ते जन्मभर मिरवले तो देवासाठी नव्हताच. एक माणूस सोवळं सांभाळता सांभाळता मेला होता आणि त्याचं पाप हे गाव पिढ्यान्‌पिढ्या आपल्या सुपात घेऊन बसलं होतं. त्याचा वंशज मात्र कुणी रांधलं हे कधीही न विचारता नोकरीभर कँटीनमध्ये दोनदा आमटी मागून घेत होता.

त्यांनी सूप बाजूला सारलं.

"शिधा नको, मावशी. मला पंगतीला बसवा."

"चालंल का तुमाला?"

"वाढा तर खरं," ते म्हणाले आणि मांडी घालून बसले.

पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. दगडाबाईनं कुणाला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः वाढलं आणि ते हात धुवेपर्यंत समोरून हलली नाही. मग सुनेनं सूप गाईकडं न्यायला उचललं, तेव्हा म्हातारीनं ते घरात ठेवायला सांगितलं. आज कुणी उपाशी ऱ्हायलं नाय, एवढंच म्हणाली.

घरी येऊन श्रीनिवासरावांनी धडा फाडला आणि नवा लिहिला. मिहिरनं वाचून कपाळाला हात लावला. पहिल्याच पानावर हे छापलं तर सगळं गोत खवळेल, म्हणाला. खवळू दे, श्रीनिवासराव म्हणाले, आणि शेवटच्या दोन ओळी मात्र आहेत तशाच छापायला बजावलं: 'गावानं वाढलं होतं. आमच्या माणसानं घेतलं नाही.'