मावशीने न मागितलेला कागद

सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे कायदेमावशी म्हणायचे. चादरींच्या गठ्ठ्यावर बसून ती युनियनची मीटिंग घ्यायची आणि मध्येच उठून मशीनमधले कपडेही काढायची. मीटिंग आहे म्हणून रोग्यांनी मळक्या चादरीवर झोपायचं, हे तिला पटत नसे. मी समोर इस्त्रीच्या टेबलावर. तोंडाने फटकळ मी, पण साहेबलोक टरकायचे ते तिला.

तिचं एकच सांगणं असायचं. "साहेब गोड बोलायला लागला की कागद पुढे करायचा. लिहून द्या म्हणायचं. तोंडी शब्दाला उद्या कोणी विचारत नाही." आम्हाला हे इतकं पाठ झालं होतं की कोणी लग्नाला यायचं कबूल केलं तरी आम्ही चिडवायचो, लिहून दे बाई.

माणसं कमी करायची झाली तर शेवटी आलेला आधी जाईल, हा नियमही तिनेच आणलेला. पूर्वीचा एक साहेब मनात येईल त्याला घरी बसवायचा. मावशीने संप करून त्याच्याकडून नियम लिहून घेतला आणि तेव्हापासून कोणाला साहेबाची मर्जी सांभाळायची गरज उरली नाही.

मग सरकारने खर्चाला कात्री लावली. धुलाईखान्यातल्या पाच जागा कमी करायच्या, असं ठरलं. कोण कधी कामाला लागलं त्या यादीत खालून पाचवं नाव मावशीच्या सुनेचं होतं. मुलगा कारखाना बंद पडल्यापासून घरीच होता, म्हणजे सगळं घर या दोघींवर. त्या दिवशी सून मान खाली घालून ओल्या चादरी झटकत राहिली आणि आम्ही सगळे मावशीकडे बघत राहिलो.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, तुमच्या सुनेच्या वरचं नाव कोणाचं आहे बघा. अर्धा वेळ चहाला असते ती. एक नाव वरखाली करायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"आणि मग त्या जुन्या साहेबात आणि माझ्यात फरक काय राहिला गं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच साहेबाकडे गेली. तिला निवृत्त व्हायला दोनच वर्षं होती. ती म्हणाली, मी आजच राजीनामा देते, माझी जागा धरून पाच करा. मग खालची चारच जातील आणि पाचवी वाचेल. नियमही मोडत नाही. साहेबाने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "मावशी, तुमच्यासाठी एवढंही करणार नाही का?" म्हणाला. तिने तिथल्या तिथे राजीनामा लिहिला.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "त्याच्याकडून लिहून घेतलंत ना?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "दुसऱ्या कोणासाठी असतं तर घेतलं असतं. घरच्या माणसासाठी मागत होते गं. लिहून द्या म्हणायची लाज वाटली."

यादी लागली तेव्हा पाचही नावं जशीच्या तशी होती. साहेब म्हणाला, यादी वरून मंजूर होऊन आलीय, माझ्या हातात काही नाही. आणि मावशींचा राजीनामा स्वखुशीचा, ती जागा वेगळी रद्द झाली. युनियनच्या मोठ्या पुढाऱ्याने हात झटकले. राजीनामा देऊन बसलेल्या माणसाची केस काय लढणार, म्हणाला. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. सासू-सून दोघी एकाच दिवशी गेटबाहेर.

वर निरोप समारंभ केला! साहेब भाषणात म्हणाला, "आम्हाला पाच जागांचं उद्दिष्ट होतं, मावशींच्या सहकार्याने सहा कमी करता आल्या." लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मला त्याच्या तोंडावरून गरम इस्त्री फिरवावीशी वाटली. मावशी हातात नारिंगी फुलं घेऊन उभी होती, आणि सून मागच्या बाकावर डोळे पुसत होती.

पुढे अर्धी धुलाई ठेकेदाराकडे गेली. आमच्याच चादरी गाडीत भरून जातात, कडक होऊन परत येतात, डाग तसेच. परवा मावशी औषधाच्या रांगेत भेटली. खूप वाळलीय. सुनेला त्या ठेकेदाराकडे काम लागलंय म्हणाली, अर्ध्या पगारावर, रजा नाही, काही नाही.

"घेताना त्यांच्या माणसाने तिला विचारलं," मावशी सांगत होती, "इस्पितळाच्या युनियनमधलं तुझं कोणी आहे का? ती म्हणाली, कोणी नाही."

माझं डोकं फिरलं. "कोणी नाही? जिच्यासाठी तुम्ही नोकरी टाकलीत ती असं बोलली?"

"तिला काही म्हणू नकोस," मावशी म्हणाली. "घरातून निघताना मीच पढवून पाठवली होती. दोनदा म्हणवून घेतलं तिच्याकडून."