वहिनीने ओढलेला दोरा

माझी वहिनी गेली बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय. मी तिच्या हाताखाली काज-बटणं करते. कुणाच्या कपड्यावर सुटा दोरा दिसला की तिचा हात राहत नाही; बोलता बोलता ओढून मोकळी होते. एकदा बँकेच्या साहेबांच्या कॉलरचासुद्धा ओढला होता, लाज आणली नुसती! त्या दिवशी दुपारी आमच्या बोक्याच्या, फौजदाराच्या, तोंडातून दोरा लोंबताना दिसला आणि बाईने सवयीने ओढला. निघेना म्हणून पुन्हा ओढला. फौजदार असा किंचाळला की माझ्या हातातलं बटण खाली पडलं.

सुया टोचून ठेवायच्या उशीवर एक सुई कमी होती.

"अगं बाई, गिळली गं याने!" म्हणत वहिनीने त्याला कवेत घेतलं. बोक्याची लाळ गळत होती, मान ताठ झाली होती. खरं सांगते, आयुष्यात मी एवढी घाबरले नव्हते.

सरकारी दवाखान्यात फोन केला. "आम्ही गायी-म्हशी बघतो, मांजर नाही," म्हणून ठेवून दिला मेल्याने! दुसऱ्या एका चकचकीत दवाखान्यात नुसते तपासायचेच इतके सांगितले की वहिनीने मुकाट्याने फोन बंद केला. शेवटी वाण्याने सांगितलं, हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई बसतात, उगाच लुटत नाहीत. फौजदाराला कापडी पिशवीत घालून आम्ही रिक्षा केली. पिशवीतून आवाज येईना.

"बघ ना गं, हलतोय का?" वहिनी दर वळणाला मला विचारायची. स्वतः बघायची तिची छाती होईना.

डॉक्टरीणबाईंनी जबडा उघडून आत बॅटरी मारली. "सुई दिसत नाहीये. दोरा कुणी ओढला का?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

"ओढला नसेल तर सुई घशातच, जरा खाली असणार. भूल देऊन दोऱ्याने तोंडातूनच ओढून काढते, पाचशेत होईल. ओढला असेल तर ती आत कुठे रुतलीय ते एक्स-रेत बघावं लागेल, मग ऑपरेशन. नऊ हजार तरी धरा."

नऊ हजार घरात होते. ओव्हरलॉक मशीनसाठी वहिनीने वर्षभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेले. मी तिचा दंड घट्ट धरला आणि कानात म्हटलं, "गप्प बस. काही सांगू नकोस." मला वाटलं, सुईच ती, असेल तिथेच घशात.

वहिनीने दंड सोडवून घेतला. "ओढला हो," ती म्हणाली. "मीच. दोनदा."

एक्स-रेत सुई पार खाली, जठराच्या तोंडाशी आडवी दिसली. दोन तास आम्ही बाकावर बसलो. मी मनातल्या मनात नको नको ते पाहत होते. वहिनी रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचला. दोन दिवस इथेच राहू दे."

वहिनी हमसून हमसून रडायला लागली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि तोंडातूनच ओढली असती तर?"

"आतून फाडत आली असती. माझ्याच हातून मेला असता," हात पुसत त्या म्हणाल्या. "बरं झालं, यांनी खरं सांगितलं."

वहिनी मला त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.