सोळा इंचाचं सीर

भोगीचा दिवस, म्हणजे पोंगलची आदली सकाळ. रक्कम अठ्ठावन्न हजार रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि तंजावूरच्या बसस्टँडमागचा चाकं-टायर विकणारा दुकानदार. पावती माझ्या नावाची झाली, पण वस्तू पापनाशमला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीसाठी होती.

आक्का मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाली. मूत्रपिंडं गेली, त्यामागून हाडं ठिसूळ झाली आणि पावसाळ्याच्या अखेरीस कण्यातला एक मणका नुसता खोकताना दबला. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी तंजावूरला आणायचं होतं. पापनाशमच्या यंत्रावर जागा नव्हती. आमचं घर राजवाड्यामागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर. जिना असा की धडधाकट माणूसही कठड्याला धरून चढतो. तिला आमच्याकडे ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून दर खेपेला मी माझी छोटी गाडी घेऊन जायचो, तिला मागच्या सीटवर आडवी निजवायचो आणि घेऊन यायचो. अँब्युलन्स एकदाच करून पाहिली. तिच्या कडक स्प्रिंगांवर आक्काचे इतके हाल झाले की पुन्हा तिचं नाव काढायची सोय उरली नाही.

गतिरोधक आला की ती ओरडायची. आधी तोंडात पदर धरून, मग पदराशिवाय. मी आरसा वर फिरवून ठेवला होता, कारण मागे बघितलं की माझे पाय पेडलवर नीट पडत नसत.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा तिने मला सांगितलं, "पोंगल झाला की मी यायची नाही. हे यंत्र मला जगवतंय आणि तुझी गाडी मारतेय. दोघांचं जमत नाही."

डॉक्टरांना विचारलं, थांबवलं तर किती दिवस? ते म्हणाले, "दिवसच. आठवडे म्हणू नका."

कुणीतरी मला सांगितलं की पत्र्याच्या चाकांऐवजी अलॉयची हलकी चाकं घातली तर गाडी रस्त्यावर मऊ चालते, चटकन उचलते, वळणावर हाताला हलकी लागते. मी ते धरून बसलो. दुसरं धरायला काही नव्हतं. पण आक्काने आधीच बजावलं होतं, "माझ्यापायी एक पैसा खर्च करायचा नाहीस." तेव्हा मला सीर सुचलं.

आमच्या घरांना महाराष्ट्र सुटून पिढ्या झाल्या. तमिळांचं सीर आम्ही कधी घेतलं ते कुणाला आठवत नाही, पण पाळतो मात्र कडक. पोंगलला भावाने बहिणीकडे ऊस, हळदीचं रोप, तांदूळ, गूळ आणि वर रोख रक्कम न्यायची. मेव्हणे वारल्यावरही मी ते थांबवलं नाही. सीर बहिणीला परत करता येत नाही. आणि भावाला ते गेल्या वर्षीपेक्षा कमी करता येत नाही. कमी केलं म्हणजे बहिणीची माहेरची किंमत उतरवली.

दुकानात दोन मापं होती. गाडीच्या मूळ चाकांइतकी चौदा इंची, आणि सोळा इंची. सोळा इंचीला पातळ कडेचे नवे टायरही घ्यावे लागणार होते.

"सार, अलॉय म्हणजे अलॉय. दोन्ही हलकीच," दुकानदार म्हणाला. "कुणाला द्यायची आहेत?"

"बहिणीचं सीर आहे."

"मग लहान कशाला देता?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सीर म्हणून दोन वस्तूंपैकी लहान उचलायची हे आम्हां दोघांच्याही हातून होण्यासारखं नव्हतं. सोळा इंची चाकं बसवली. भोगीला जुनं टाकायचं असतं, तरी जुनी चाकं टायरांसकट मी जिन्याखाली ठेवली.

पोंगलच्या सकाळी उसाबरोबर गाडीच आक्काच्या दारात उभी केली. ती खिडकीतून बघून म्हणाली, "लोक हळद आणतात. तू चाकं आणलीस?" पण सीर होतं. तिला नाही म्हणता येईना.

पुढच्या खेपेला आम्ही निघालो. रेल्वे फाटक उघडल्यावर गाडी उचलेना. दुसऱ्या गिअरला इंजिन कण्हत राहिलं. बसच्या मागून बाहेर काढायला इतका वेळ लागला की मला परत आत घुसावं लागलं आणि ब्रेक जोरात पडला. स्टिअरिंग जड. प्रत्येक खड्डा, पत्र्याच्या चाकांवर नुसता जाणवायचा तो, आता थेट वर येत होता. वाटेतल्या अय्यमपेट्टैच्या आधीच तिने ओरडणं थांबवलं. मला वाटलं बरं वाटतंय. आरसा खाली फिरवला. तिने आपल्या मनगटाला दात लावले होते.

परत घरी पोचवल्यावर ती म्हणाली, "परवा येऊ नकोस." आवाज चढवला नाही.

त्या परवा मी तरीही गेलो. तिने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "जा तंबी. घरी जाऊन जेव." धाकट्या भावाला तमिळात म्हणतात तसं ती मला तंबीच म्हणायची.

मी दारातल्या पायरीवर बसून राहिलो. तिच्या अंगातलं पाणी आणि विष एकेक तास वाढत होतं आणि मी काय करू शकतो याचा हिशेब माझ्याकडे नव्हता. तीस वर्षं लेखापरीक्षणात काढली, पण तिथे सगळ्या चुका आधीच होऊन गेलेल्या असतात.

बऱ्याच वेळाने आतून प्रश्न आला. "तोललंस का?"

"काय?"

"चाक. टायरसकट. दुसऱ्यांच्या बिलांतून रुपया हुडकून काढायचास, आणि चाक काट्यावर ठेवलं नाहीस?"

"अलॉय हलकं असतं, आक्का."

"धातू हलका असतो. मोठं केलं की जड होतं. मुलींना मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं." दम लागल्यामुळे ती थांबली. "गाडीचं वजन स्प्रिंगवर बसतं. चाकाचं नाही, ते स्प्रिंगच्या खाली असतं. जड चाक उसळलं की स्प्रिंगला आवरत नाही, मग ते माझ्या पाठीत येतं. शिवाय चाक पुढेही न्यायचं आणि फिरवायचंही. कडेचा एक किलो इंजिनाला जवळजवळ दोन किलोंचा पडतो. आणि तुझ्या त्या टायरांत हवेला जागा तरी आहे का?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"सीर होतं."

घरी येऊन जिन्याखालचं एक जुनं चाक आणि एक नवं, दोन्ही लोखंडाच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. जुनं साडेतेरा किलो. नवं साडेसतरा. मी तीनदा ठेवून पाहिलं. बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "चौदा इंची घ्या."

"सीर कमी होईल."

"होऊ दे कमी. आक्का राहायला हव्यात की नकोत?"

टायरवाल्याने कुरकुर करत सोळा इंची चाकं टायरांसकट कमी दराने परत घेतली. चौदा इंची अलॉय आधी काट्यावर ठेवलं, मग पैशांचं बोललो. जुने उंच कडेचे टायर त्यावर चढवले. एक चाक बरोबर बारा किलो भरलं.

दुसऱ्या दिवशी पापनाशमला पोचलो तेव्हा आक्काचा चेहरा सुजला होता, घोटे दिसत नव्हते. दार मात्र उघडं होतं.

"इंच किती?"

"चौदा."

"सीर कमी केलंस तर." तिने हात पुढे केला. "चल, उचल मला."

फाटकाशी गाडी थांबली आणि सुटली. धक्का न देता, बसच्या आधी, एका दमात. मागून आवाज आला, "गिअर बदललास?"

"नाही."

 अय्यमपेट्टैचं वळण मी एका हाताने घेतलं. गतिरोधकावर ती ओरडली, पण तोंडात पदर धरून. पुढच्यावर नुसता श्वास ऐकू आला. मी आरसा खाली केला. तिचे डोळे मिटलेले होते, हात उशीवर होते.

रुग्णालयाच्या दारात मी विचारलं, "दुखलं?"

"दुखलंच. माणूस आहे मी, पोतं नव्हे." चाकाच्या खुर्चीत बसताना तिने माझी बाही धरली. "परवा किती वाजता येतोस?"

दुकानदाराला सगळं वजा होऊन शेवटी पोचले छत्तीस हजार दोनशे. आणि आक्काला, सीर अपुरं राहू नये म्हणून, तिथेच खुर्चीत, विड्याच्या दोन पानांवर ठेवून, एकशे एक.