चाचीच्या फोनमधलं माझं नाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुरखेड्याच्या चाचींचे आहेत. आमचं रक्ताचं नातं नाही. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत मी अकरावीपासून बी.ए. होईपर्यंत राहिलो. आमचं गाव तिथून बरंच आत, जंगलात. वडील मला घेऊन खोली शोधत फिरले, तेव्हा लोक आडनाव विचारायचे आणि मग खोली कालच दिली म्हणून सांगायचे. चाचींनी आडनाव विचारलं नाही. पोरगा तिखट खातो का, एवढं विचारलं. गावी पेनपूजा असली, म्हणजे आमच्या देवांची पूजा, की मी अभ्यासाचं कारण सांगून कुरखेड्यातच राहायला बघायचो. त्या मला बसमध्ये बसवून द्यायच्या.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पदवी घेतानाच्या फोटोत माझ्या अंगावर जो शर्ट आहे, तो चाचींनी शिवलेला आहे.

आता मी चंद्रपुरात एका औषधांच्या एजन्सीत कॉम्प्युटरवर बिलं करतो. एकटाच राहतो. इथं ओळखी झाल्या, पण कोणाच्या घरी जाऊन बसावं अशी ओळख झाली नाही. सोबत होती ती चाचींच्या आवाजाची. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. सगळे वापरतात त्या मेसेजच्या ॲपवर त्या रोज सकाळी दुकान उघडल्यावर माझ्यासाठी बोलून ठेवायच्या. मागे मशीन चालू असायचं. मध्येच गिऱ्हाईक यायचं, त्याच्याशी बाहीच्या मापावरून वाद व्हायचा, मग पुन्हा माझ्याकडे वळायच्या. मी ते दुपारी डबा खाताना ऐकायचो. ते ऐकताना डबा आपोआप संपायचा.

एक दिवस ऑफिसात माझा फोन फायलींखाली कुठंतरी गेला. शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी शोधण्यासाठी मला विचारून त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला आणि स्क्रीनकडे बघून हसू लागले.

"हे नाव होय का पत्ता बे?"

स्क्रीनवर लिहिलं होतं: गोंडी पोट्टा रूम. पोट्टा म्हणजे आमच्याकडे पोरगा.

त्यांनी माझा नंबर कधीच साठवलेला नव्हता. अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं एक ॲप त्यांच्याकडे होतं. त्यांनीच मला समजावून सांगितलं की आपला नंबर कोणी ज्या नावानं ठेवतो, ते नाव त्याच्या फोनमधून कंपनीकडे जातं, आणि तिथून देशात कोणालाही दिसतं. ते भले माणूस आहेत, त्यांनी विषय वाढवला नाही.

मी गोंड आहे याची मला लाज नाही. पण ते कोणाला कधी सांगायचं, हे मी ठरवावं असं मला वाटतं. खोलीसाठी फोन केला, नोकरीसाठी केला, तर माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी समोरच्यानं ते वाचलेलं असणार. बंद झालेली दारं मी वडिलांबरोबर पाहिली होती. आणि त्यातला 'रूम' हा शब्द मला जास्त टोचला. मला रूमवरून ओळखणारं घर एकच होतं, कुरखेड्याचं.

मी नंबर बदलला. मेसेजचं ते ॲपही काढून टाकलं, कारण तेही पहिल्यांदा फोनमधली सगळी नावं मागतं. त्याऐवजी माहिती न गोळा करणारं म्हणतात असं दुसरं घेतलं. गावच्या ग्रुपवर मी बाहेर पडल्याची ओळ आली, आणि गावात बातमी झाली की मी रुसलो. पंगतीतून अर्धं जेवून उठावं तसं ते दिसलं असणार. एका मित्राला फोन करून नवीन ॲप घ्यायला सांगितलं, तर म्हणाला, "तू साहेब झाला, तुले परवडते. माह्या मोबाईलमधी जागा नाई." चुलत बहिणीचं लग्न झाल्यावर मला कळलं. बोलावणं ग्रुपवर होतं. नवीन ॲपवर माझ्याशिवाय फक्त शेजारच्या टेबलावरचे भाऊ होते. त्यांनी माझं मन राखायला ते घेतलं, पण आम्ही दिवसभर शेजारीच बसतो, तर त्यावर बोलणार काय?

चाचींना मी नवीन नंबर फोन करून कळवला होता आणि दर रविवारी फोन करत होतो. पण फोनवर त्या वेगळ्याच. जेवला का, बरा हायेस ना, ठेव मग. फोन म्हणजे कामापुरता, ही जुनी सवय. मनमोकळं बोलणं ॲपबरोबर गेलं.

मग एका रविवारी त्या म्हणाल्या, "तू मले दिसूनच नाई राह्यला, बेटा."

त्या माणसं फोटोवरून ओळखतात, हे मला माहीत होतं, पण लक्षात राहिलं नव्हतं. माझा फोटो गेला आणि नव्या नंबरावर नुसता करडा गोल आला. तसे करडे गोल त्यांच्या फोनमध्ये कितीतरी. माझी आठवण आली की त्या एकेक दाबून बघत होत्या.

"एक गॅसवाला निंगाला. म्हणे, बाई, मी तुमचा बेटा नाई, सिलिंडरवाला होय. तरी बोलला बिचारा. त्याले मुलगी झाली आता."

पुढच्या सुट्टीला मी कुरखेड्याला गेलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती. ते नाव चाचींच्याच घरातून गेलं असेल, तर मी जगात कोणाला आपलं म्हणायचं? दुकानात बसल्यावर फोटो लावून देतो म्हणून त्यांचा फोन हातात घेतला. बघू नये असंही वाटलं. पण बघितलं. माझ्या जुन्या नंबरावर तेच होतं: गोंडी पोट्टा रूम. नाव दाखवणारं ते ॲपही होतं.

मी विचारलं, हे कोणी लिहिलं?

"मीच सांगतलं लिवाले," त्या मशीन चालवतच म्हणाल्या. "फोन घेतला तवा मोबाईलवाल्याले म्हटलं, लिव, माहा गोंडी पोट्टा, रूमवाला. काऊन? तू गोंडी नाई का?"

मी हो म्हटलं. मग जे लिहिलं होतं ते त्यांना वाचून दाखवलं.

मशीन थांबलं.

"माहा नाई लिवलं त्यानं?"

नाही, म्हटलं. मोबाईलवाल्याला त्यांनी बराच वेळ शिव्या दिल्या. ते नाव कोणालाही दिसतं म्हणून सांगितलं, पण त्या गोष्टीचं त्यांना काही वाटलं नाही, आणि मलाही तेव्हा ती समजावून सांगता आली नाही. मी ते ॲप काढलं, नवा नंबर साठवला, त्यावर फोटो लावला. निघताना त्यांनी विचारलं, "आता येशीन ना परत त्याच्यात?" मी बसची वेळ झाली म्हणून उठलो.

चंद्रपूरला आल्यावर हे पत्र पाठवलं:

"चाची, सलाम.

हे पत्र पोस्टमन भाऊ तुम्हाला वाचून दाखवतील, त्यांनाही नमस्कार. त्या दिवशी तुम्ही विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायचं राहिलं. मी त्या मेसेजच्या ॲपवर परत येत नाही. यात तुमची काही चूक नाही. तुम्ही मला गोंडी पोट्टा म्हणता तेव्हा घरी असल्यासारखं वाटतं. तेच अनोळखी माणसाच्या फोनवर दिसलं, तेव्हा मी रस्त्यावर उभा आहे असं वाटलं. हा फरक मला तुमच्यासमोर बोलता आला नाही.

तुमचं रोजचं बोलणं गेलं, हे माझं मोठं नुकसान आहे. इथं मला फार एकटं वाटतं. हे मी वडिलांनाही सांगितलेलं नाही. पोस्टमन भाऊ, तुम्हीही कोणाला सांगू नका.

पत्र पोचलं की नाही, मला कळणार नाही. म्हणून सोमवारपासून रोज दुपारी मी फोन लावणार आहे. राग असेल तर उचलू नका. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावीन."